शेजारच्या सीटची घंटी

१

सकाळच्या कपबश्या विसळून झाल्या, की शिवणाच्या मशीनवर बसण्याआधी माई अंगणात यायची आणि नव्या गाडीच्या बॉनेटवर तळवा टेकवायची. दावणीच्या जनावराच्या पाठीवर थाप मारावी तशी. "झाली का झोप?" एवढंच विचारायची. शेजारच्या वहिनींनी एकदा ते ऐकलं आणि खूप हसल्या. माईला त्याचं काही वाटलं नाही. आपल्या माणसाला जी चढावरून खाली नेते आणि धड परत आणते, तिची विचारपूस करायला लाज कसली?

त्यांचं घर चढाच्या टोकाला. चढ कसला, भिंतच ती. त्यात खडी सुटलेली. नवऱ्याला पहिला झटका आला तेव्हा बोलावलेली टॅक्सी त्या चढावर निम्म्यात अडकली होती. चाकं जागच्या जागी गरगरत होती, खडी उडत होती आणि टॅक्सीवाला खालून ओरडत होता, "काकू, माझी गाडी जळेल, त्यांना चालवत आणा." ज्याला उभं राहता येत नव्हतं त्याला चालवत कसं आणायचं? माईने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती फक्त त्या चाकांचा आवाज ऐकत बसली होती. पुढे कितीतरी दिवस मशीनचं चाक फिरवताना तिला तोच आवाज यायचा.

म्हणून चिमणीने ही गाडी घेतली. चिमणी म्हणजे त्यांची मुलगी. चांगली उंचीपुरी आणि नोकरी करणारी, पण घरात अजून चिमणीच. तिला स्वतःला गाडी चालवायची भीती वाटायची, पण गाडी निवडली मात्र तिनेच. "हिची चारही चाकं ओढतात, आई. एक घसरलं तर बाकीची सांभाळून घेतात."

"म्हणजे आपल्या घरासारखं," माई म्हणाली होती.

माई या वयात गाडी शिकली. शिकवलं नवऱ्यानेच. ते जन्मभर बस चालवत आलेले, सगळे त्यांना पायलट म्हणायचे. आता हृदयाची एक झडप कामातून गेली होती आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायची मनाई केली होती. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत जपायचं, एवढंच सांगितलं होतं. पायलट शेजारच्या सीटवर बसून टोमणे मारायचे.

"गियर नाही, क्लच नाही. ही काय गाडी झाली? पाळणा आहे पाळणा."

"मग झोपा की गप."

गाडी चढाला लागली की स्टिअरिंगशेजारच्या पडद्यावर तिचं छोटंसं चित्र यायचं आणि चारही चाकं उजळायची. सशासारखी उड्या मारत नव्हती ती. म्हशीसारखी चढायची, घाई नाही आणि कुरकुरही नाही. माईने पट्टा बांधायला जरा उशीर केला की मात्र सासूसारखी टुणटुण करायची. माईला तेही आवडायचं. कुणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून आहे, असं वाटायचं.

२

फाटकातून आत गाडी मागे घेताना पायलट खाली उतरायचे आणि मागे उभे राहायचे. गाडीला मागे कॅमेरा होता, काही आडवं आलं तर बीप वाजायचं, पण त्यांना ते पटत नव्हतं. बसच्या डेपोत जशी रीत होती तशीच त्यांना हवी होती. हात हलवत "येऊ दे, येऊ दे" म्हणायचं आणि पुरे झालं की गाडीच्या अंगावर तळव्याने दोन थापा मारायच्या.

"माणसाच्या थापेचा भरवसा वेगळा," ते म्हणायचे. "यंत्राला काय, त्याची कुणी घरी वाट बघत नसतं."

त्या दिवशी माई अशीच गाडी मागे घेत होती. पडद्यावर मागचं सगळं दिसत होतं. वहिनींचं मांजर आडवं गेलं, बीप वाजलं. वाळत घातलेल्या चादरीचं टोक वाऱ्याने हललं, तरी बीप वाजलं. माई मनात म्हणाली, केवढी बाई जपणारी. मग पडद्याच्या मधोमध पायलट दिसले. हात हलवत होते, येऊ दे, येऊ दे. गाडी मागे जात होती आणि ते मोठे होत होते. आधी पूर्ण, मग गुडघ्यापासून वर, मग नुसती छाती आणि हात.

काहीही वाजलं नाही.

माईने ब्रेक दाबला. इतका जोरात, की मागची पिशवी सीटवरून खाली पडली.

"काय झालं?" पायलट खिडकीशी आले. "हात वरच होता की माझा. अजून बरीच जागा होती."

"गाडीला तुम्ही दिसला नाहीत."

"तुला दिसलो ना?"

"मला दिसलात. हिने आवाज केला नाही."

पायलटांनी गाडीकडे पाहिलं, मग माईकडे. "घरच्या माणसावर कशाला ओरडेल? शहाणी आहे."

माई हसली. पण गाडी बंद करून आत आल्यावर तिने पुन्हा बाहेर जाऊन मागचा बंपर पुसला. त्यावरची बीपची गोल बटणं एकेक करून फडक्याने स्वच्छ केली. त्यांच्यावर धूळ नव्हतीच.

३

एकदा खटकलेली गोष्ट माणसाला सोडत नाही. दातात अडकलेल्या कणासारखी जीभ तिकडेच जाते.

पायलट पट्टा लगेच बांधत नसत. चढ उतरून मोठ्या रस्त्याला लागल्यावर, आणि तेही माईने डोळे वटारल्यावर. माईने एवढे दिवस त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आता दिलं. तिचा स्वतःचा पट्टा राहिला की गाडी टुणटुण करायची. चिमणी शेजारी बसली आणि फोनच्या नादात विसरली तरी करायची. इतकंच काय, बाजारातून येताना शेजारच्या सीटवर कोबी-बटाट्यांची पिशवी ठेवली तरी ती घंटी वाजू लागायची. पिशवीला पट्टा बांधा म्हणून.

पायलट बसले की शांत.

एके दिवशी माईने तीच पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. लगेच घंटी वाजली.

"बघ," पायलट म्हणाले, "कोबीला मान आहे. मला नाही."

"गप्प बसा हो."

"अगं, बारीक झालोय मी. कपडे तूच आत घेतलेस ना माझे?"

घेतले होते. पँटी कमरेत आत घेतल्या होत्या, सदरे खांद्यात. पण कपडे आत घेतले म्हणून माणूस कोबीपेक्षा हलका होत नाही. माईने पिशवी उचलून मागे टाकली. घंटी थांबली. त्या शांततेत तिला पायलटांचा श्वास ऐकू येत होता, जरा घरघरणारा, ओळखीचा. ती तो ऐकत गाडी चालवत राहिली.

घरी आल्यावर ते आत गेले. माईने वाकून त्यांच्या सीटवर हात ठेवला. आपली सीट उबदार होती, ऊन खाल्लेल्या उशीसारखी. त्यांची गार होती. कुणी बसून उठल्याची खळगीसुद्धा नव्हती.

४

"सेन्सर गेला असेल," चिमणी म्हणाली. "नवीन गाडीत होतं असं. दाखवून आण."

माईला हे ऐकून इतकं बरं वाटलं, की तिने त्या दिवशीचं शिवण अर्ध्यावर टाकलं आणि पायलटांना घेऊन सर्व्हिसिंगला गेली.

मेकॅनिक बोलका होता. हातातला पडदा एका वायरने गाडीला जोडला. त्यावर गाडी वरून कापल्यासारखी दिसत होती, सगळ्या सीटा रिकाम्या. "कुणी बसलं की ती सीट हिरवी होते, काकू. बघा." तो शेजारच्या सीटवर बसला. सीट हिरवी झाली आणि घंटी वाजू लागली. "सेन्सर टकाटक आहे. काका, तुम्ही या बरं."

पायलट बसले. पडदा मेकॅनिकच्या हातात होता आणि माई त्याच्या खांद्यावरून बघत होती.

सीट पांढरी ती पांढरीच.

"काका, वजन किती तुमचं?" मेकॅनिक हसत म्हणाला. "जरा टेकून बसा. अंगाला अंग लागत नसेल."

"अरे, बसलोय मी चांगला. उभा आहे का?"

मेकॅनिकने सेन्सर काढून नवा घातला. पायलट पुन्हा बसले. मग त्याने स्वतः बसून बघितलं, मग पुन्हा त्यांना बसवलं. आता तो हसत नव्हता. पडदा त्याने माईला दिसणार नाही असा जरा वळवून धरला होता. पायलट हात धुवायला नळाकडे गेले तेव्हा तो हळूच म्हणाला, "काकू, त्यांना पट्टा बांधायला लावत जा. एअरबॅग याच्यावरच ठरते. सीट रिकामी आहे असं वाटलं तर गाडी ती उघडत नाही."

"पण ते बसलेले असतात ना."

"हो," मेकॅनिक म्हणाला. त्याने वायर गुंडाळली, सोडली आणि पुन्हा गुंडाळली. "मला दिसतात की."

परतताना पायलट खुशीत होते. मेकॅनिकच्या वडिलांना ते ओळखत होते, एका डेपोत होते दोघे. तिथल्या गमती सांगत होते. माई हुंकार देत होती. रस्त्यातल्या एका दुकानाच्या मोठ्या काचेत गाडी दिसली. माईला बघायचं नव्हतं. तिने मान सरळ ठेवली आणि काच मागे गेल्यावरच श्वास सोडला.

ऑपरेशनची तारीख त्याच संध्याकाळी कळली.

५

त्या सकाळी माईने चढ उतरताना पडद्याकडे पाहिलंच नाही. एका हाताने स्टिअरिंग धरलं होतं आणि दुसरा पायलटांच्या गुडघ्यावर होता. पायलट पहिल्यांदाच रागावले नाहीत. "दोन्ही हात चाकावर" हे त्यांचं पालुपद त्या दिवशी निघालं नाही. चिमणी मागे बसून डॉक्टरांनी सांगितलेलं पुन्हा पुन्हा बोलून दाखवत होती. एवढं वेळेवर आणलंत म्हणून बरं झालं, असं डॉक्टर म्हणाले होते. माईने मनातल्या मनात गाडीचे आभार मानले.

त्यांना आत नेलं. दार झुललं, थांबलं. बाहेरच्या बाकावर बसून माईचे पाय गार पडले. समोर एक म्हाताऱ्या बाई लोकर विणत होत्या, विणलेलं उसवत होत्या, परत विणत होत्या.

"आई, बाबांची शाल गाडीतच राहिली," चिमणी म्हणाली. "तू आण जा. तेवढंच चालणं होईल."

खालच्या पार्किंगमध्ये छत बुटकं होतं. कुठेतरी पाइपातून पाणी गळत होतं. माई गाडीत बसली आणि दार लावून घेतलं. जरा वारा हवा म्हणून बटण दाबून गाडी चालू केली. शाल पायलटांच्या सीटवर होती. ती उचलून तिने छातीशी धरली आणि दुसरा हात रिकाम्या सीटवर ठेवला.

तिने कधी कुणापाशी काही मागितलं नव्हतं. मागायचं कसं, हेही तिला नीट माहीत नव्हतं. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं ती साधं बोलली.

"तू खूप केलंस आमचं. तुझ्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांना मोज गं. एकच माणूस आहे माझा. अगदीच कुणाला वगळायचं असेल, तर मला वगळ."

पाइपातलं पाणी टपटपत होतं. माईला स्वतःचीच लाज वाटली. शिकलेली मुलगी वर बसली आहे आणि आपण इथे लोखंडाशी बोलतोय. तिने सीटवरचा हात उचलला.

शेजारच्या सीटची घंटी वाजू लागली.

आधी हळू, मग नेहमीसारखी जोरात. सीटवर काही नव्हतं. शाल तिच्याजवळ होती, पिशवी वर चिमणीपाशी. माई बघत राहिली. सीटच्या मधोमध, हळूहळू, गादी दबल्यासारखी एक खळगी पडली. कुणीतरी दमूनभागून, सावकाश टेकावं तशी.

माईने डोळे मिटले. घंटी वाजत होती. ती थांबवावी असं तिला वाटलं नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, कुठे आहेस? बाबांना बाहेर आणलं. छान झालंय म्हणाले डॉक्टर. आई? ऐकतेस ना? कसली घंटी वाजतेय तिकडे?"

६

पायलट घरी आले त्या दिवशी गाडीत बसले मात्र, आणि ती अशी कोकलायला लागली की त्यांनी कानावर हात ठेवले.

"हिला काय झालं? अगं बंद कर ते."

"ओरडू दे," माई म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. "ओरडू दे हो. कधी नव्हे ती ओरडतेय."

"मी बरा होऊन आलो तर हिची तब्येत बिघडली," पायलट म्हणाले आणि नाइलाजाने पट्टा बांधला.

घर पुन्हा घरासारखं झालं. पायलट खुर्चीत बसून खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवू लागले. पँटी कमरेत सैल करायच्या झाल्या, तेव्हा माईने उसवलेला दोरा बोटाला गुंडाळून कितीतरी वेळ ठेवला. असं शिवण तिने जन्मात कधी एवढ्या आनंदाने केलं नव्हतं. सकाळी ती गाडीशी जायची, तळवा टेकवायची. आता काही विचारायची नाही. नुसती उभी राहायची.

मग एकदा ती धाग्याची रिळं आणायला एकटीच बाजारात गेली. परत येऊन फाटकाशी थांबली. उतरायला म्हणून पट्टा सोडायला हात खाली नेला, तर तो सोडलेलाच होता. बांधलाच नव्हता. चढ, मोठा रस्ता, बाजार, परत चढ, एवढं सगळं झालं आणि गाडी एका शब्दाने बोलली नव्हती.

माई बसून राहिली. समोर पडद्यावर चारही चाकं उजळलेली होती. तिने पट्टा बांधला, सोडला, परत बांधला. काही नाही. मग सावकाश उतरली आणि आपल्या सीटवर हात ठेवून पाहिला. उन्हातून आली होती, तरी सीट गार होती.

फ्यूज उडाला असेल, ती स्वतःला म्हणाली. मेकॅनिकला विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर त्याने पडदा जोडला असता. माईला ते नको होतं. तिला त्याचं उत्तर माहीत होतं आणि त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. मागितलं ते मिळालं होतं, तेही पदरात भरभरून. आता कटकट करणं बरं दिसलं नसतं.

फक्त एका गोष्टीचा घोर लागला. तपासणीला पायलटांना न्यायचं होतं, आणि तेही एकदाच नाही. टॅक्सी या चढावर येत नव्हती.

आत येऊन तिने चिमणीला हाक मारली.

७

"पण आत्ताच का?" चिमणी म्हणाली. "तू आहेस की चालवायला."

"मला कधी काम असेल. कधी हात दुखेल. घरात दोघींना यायला हवी."

"मला भीती वाटते, आई."

"मलाही वाटायची. चार चाकं आहेत, सांभाळून घेतात."

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिघं निघाली. चिमणी चाकावर, शेजारी पायलट, माई मागे. पायलटांना अशी शिकाऊ बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती, ते रंगात आले होते.

"आधी सीट मागे घे. अजून घे. तुझे पाय आहेत की बगळ्याचे? हां. आता आरसा. आरशात काय दिसलं पाहिजे?"

"मागचा रस्ता."

"आणि मागे बसलेली माणसं. बसमध्ये मी सगळ्यांची तोंडं बघायचो. ड्रायव्हरला माणसं दिसली की गाडी आपोआप हळू चालते."

शेजारची घंटी टुणटुणत होती, कारण पायलटांनी पट्टा बांधला नव्हता. माई ती ऐकत होती. नव्या गाडीचा वास अजून गेला नव्हता. खिडकीतून ऊन आत येऊन तिच्या मांडीवर पडलं होतं. ते तिला दिसत होतं. त्याची ऊब काही जाणवत नव्हती.

चिमणीने आरसा वर केला, खाली केला. कपाळाला आठ्या घालून बघत राहिली.

"आई, जरा मध्ये सरक ना. दिसत नाहीस. तू दिसलीस की मला धीर येतो."

माई सीटच्या अगदी मधोमध बसली होती. आरशात तिला मुलीचे डोळे स्पष्ट दिसत होते. ते तिच्याकडेच बघत होते, आणि तिला शोधत होते.

ती जागची हलली नाही. "सरकले बघ," म्हणाली.

"हां, राहू दे," चिमणी आरसा सोडत म्हणाली. "मागची काच पूर्ण दिसतेय आता. अगदी घराच्या दारापर्यंत."

"झालं तर मग," माई म्हणाली. "त्यांना पट्टा बांधायला लाव, आणि ब्रेक हळूच सोड."